पानावर आडवा हात

महाविद्यालयांत नशेवर बोलायला गेलं की दारूबद्दलचे प्रश्न मुलं उभं राहून विचारतात. गांज्याबद्दलचे प्रश्न चिठ्ठीवर येतात. चार घड्या घातलेली, बिननावाची चिठ्ठी. त्यातली एक मी जपून ठेवली आहे. वहीचं फाडलेलं पान, हिरवी शाई: ‘रूममेट तीन वर्षं रोज रात्री ओढतो. पास होतो, पण सांगितलेलं अर्ध्या तासात विसरतो. गांज्यामुळेच का? आणि हे असंच राहणार का?’

इतका नेमका प्रश्न मोठ्यांच्या सभेतही क्वचित येतो. एरवी या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, झाडपाला आहे, महादेवाला चालतो, त्याला काय होतंय! दुसरा म्हणतो, एकदा चिलीम तोंडाला लागली की मेंदू गेलाच. चिठ्ठीवाल्याने हे दोन्ही सूर बाजूला ठेवून तीन गोष्टी सुट्या केल्या आहेत. विसरणं खरं आहे का, त्याला कारण गांजाच का, आणि ते भरून येतं का. आपणही याच क्रमाने जाऊ. आधी मात्र झाडाची ओळख करून घ्यायला हवी.

१. झाड एक, रूपं तीन

गांजा, भांग आणि चरस ही तीन वेगळी झाडं नव्हेत. मादी झाडाच्या शेंड्यावरचा फुलोरा वाळवला की गांजा, पानं वाटली की भांग, आणि फुलोऱ्यावरची चिकट राळ हातावर मळून गोळा केली की चरस. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा हाच भेद धरून चालतो. फुलोरा आणि राळ त्याच्या कचाट्यात येतात, नुसतं पान त्या व्याख्येबाहेर राहतं. भांगेचे नियम मग राज्याराज्यांनी आपापले केले. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी वर्षभरात यांपैकी काही ना काही घेतल्याचं दिसलं. त्यात भांगवाले २ कोटी २० लाख, गांजा-चरसवाले १ कोटी ३० लाख. दोन्ही घेणारे असतातच, म्हणून बेरीज जास्त भरते.

कायद्याला तीन वस्तू दिसतात, मेंदूला एकच दिसते. तिचं नाव टीएचसी. हा रेणू शुद्ध स्वरूपात वेगळा काढून त्याची रचना सांगितली ती १९६४ साली, इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या राफाएल मेशुलाम आणि येहीएल गाओनी यांनी. संशोधनाला माल कुठून आणायचा? मेशुलाम सरळ पोलिसांकडे गेले, जप्तीतला पाच किलो चरस मागून घेतला आणि पिशवीत घालून बसने प्रयोगशाळेत आले. बसमधले लोक वासाने अस्वस्थ झाले होते, असं ते पुढे हसत सांगायचे. अफूतलं मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाती लागलं होतं. गांज्याला दीडशे वर्षं जास्त लागली, कारण टीएचसी पाण्यात विरघळत नाही, तेलकट असतं. हा तेलकटपणा लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

ओढलं तर टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतं. प्यालं किंवा खाल्लं तर पोट आणि यकृत असा वळसा घेत तास-दीड तासाने. होळीला पहिल्यांदा भांग घेणारा हमखास इथे फसतो. अर्धा तास झाला, काहीच होत नाही, म्हणून तो दुसरा ग्लास मागतो; मग दोन्ही ग्लास एकदम चढतात आणि घरचे डॉक्टर शोधत फिरतात.

आणखी एक. जुन्या पिढीचा गांजा आणि आजचा गांजा सारखा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसीचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. ‘आमचे आजोबा आयुष्यभर ओढत होते, काही झालं नाही’ हे वाक्य ऐकताना आजोबांच्या चिलमीत काय होतं, तेही विचारायला हवं.

२. पंगत

आता मेंदूत शिरू, पण लग्नाच्या मांडवातून.

जुन्या पद्धतीची पंगत बसली आहे. वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन ओळीतून फिरतोय. जेवणाऱ्याचं पोट भरलं की तो काय करतो? तोंडात घास असतो, बोलता येत नाही. तो पानावर आडवा हात धरतो. वाढप्याला ती खूण कळते आणि तो पुढे सरकतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप वाढत असतात. एक पेशी वाढपी, दुसरी जेवणारी. हा व्यवहार एकाच दिशेने चालतो, असं बराच काळ मानलं गेलं. पण जेवणारी पेशीही उलट खूण करते: ‘पुरे, जरा थांब.’ त्या खुणेसाठी शरीर स्वतःच काही पदार्थ बनवतं. त्यातला पहिला सापडला १९९२ साली, मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत. शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून. त्याची भावंडंही पुढे सापडली. वाढप्या पेशीवर ही खूण ओळखणारे विशिष्ट रेणू असतात, त्यांना सीबी-१ म्हणतात. वाढप्याचे डोळेच म्हणा.

टीएचसीचा आकार या घरच्या पदार्थांशी इतका जुळतो की वाढप्याला फरक कळत नाही. जणू कुणी आगंतुक मांडवात घुसून दिसेल त्या पानावर हात धरत सुटतो. पोट भरलेलं असो वा नसो, जिलबी थांबते. घरचा हात क्षणभरात मागे जातो, कारण आनंदामाइड चटकन मोडून टाकलं जातं. आगंतुकाचा हात मात्र तासन् तास हलत नाही.

हे डोळे मेंदूत सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. तोल सांभाळणाऱ्या भागात, विचार करणाऱ्या बाहेरच्या थरात आणि आठवणी नोंदवणाऱ्या भागात त्यांची दाटी आहे. श्वास चालवणाऱ्या भागात ते फार थोडे. म्हणून अफूवर्गी पदार्थांनी श्वास थांबतो, तसा गांज्याने थांबत नाही. ‘गांज्याने कुणी मरत नाही’ हे जे मुलं मला ऐकवतात त्याचं मूळ इथे आहे. ठीक आहे. पण चिठ्ठीत कुणी मरण्याबद्दल विचारलेलं नव्हतं.

३. रोजमेळ आणि खतावणी

पेढीवर दिवसभराचे व्यवहार घडतील तसे रोजमेळात उतरतात. रात्री दिवाणजी ती एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, चढवतो. सहा महिन्यांनी कुणाचं काय देणं आहे ते बघायचं तर खतावणीच उघडावी लागते.

मेंदूतला हा दिवाणजी म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानांच्या पातळीवर, मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक, साधारण करंगळीएवढा. आत्ता ऐकलेली गोष्ट टिकाऊ आठवणीत चढवणं हे त्याचं काम. सीबी-१ ची दाटी असलेल्या भागांत हा ठळक आहे. तिथे आगंतुकाचे हात पडले की लेखणी अडखळते. जुनी खतावणी शाबूत राहते. नवी नोंद मात्र चढत नाही.

आमच्या गावी महादेवाच्या देवळामागच्या ओट्यावर संध्याकाळी चिलीम फिरायची. तिला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याचा वास मला अजून आठवतो. त्या मेळ्यातले एक काका मोठे गोष्टीवेल्हाळ. हरवलेल्या बैलाची गोष्ट सुरू करायचे. बैल पांदीत शिरेपर्यंत सगळं झकास. मग चिलीम हातात यायची, एक लांब झुरका, आणि ‘हां, तर मी काय सांगत होतो?’

‘बैल, काका.’

‘कुठला बैल?’

आम्ही पोरं हसून लोळायचो. तेच काका चाळीस वर्षांपूर्वीच्या वाटणीतले सर्व्हे नंबर मात्र धडाधड सांगत, एकही चुकत नसे. तेव्हा ती गंमत वाटली. आज वाटतं, हिप्पोकॅम्पसचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही. वाक्याचा शेवट गाठेपर्यंत सुरुवात धरून ठेवायची, हेही एक स्मरणच आहे, आणि पहिला फटका त्यालाच बसतो.

अभ्यास करताना ओढणाऱ्या मुलांसाठी इथे एक पोटगोष्ट. त्या तंद्रीत वीस पानं वाचली तर सगळं कळल्याचा सुरेख भास होतो. कळतंही असेल. पण त्या रात्री दिवाणजी झोपलेला असतो. सकाळी नशा उतरल्यावर खतावणी उघडली तर पान कोरं, आणि जी नोंद झालीच नाही ती नंतर कितीही डोकं खाजवलं तरी सापडत नाही.

४. बरणीला लागलेला वास

इथपर्यंत सांगितलं ते नशा चढलेली असतानाचं. त्याबद्दल फारसा वाद नाही. चिठ्ठीतला प्रश्न त्यापुढचा आहे: रात्री ओढलं, सकाळी उतरलं, मग दुपारी सांगितलेलं का विसरतो?

एक कारण तेलकटपणा. लोणच्याची बरणी धुवून वाळवली तरी झाकण उघडल्यावर वास येतोच. टीएचसी चरबीत मुरतं आणि तिथून सावकाश झिरपत राहतं. रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, लघवीच्या तपासणीत त्याची खूण सापडते ती यामुळेच. रोज ओढणाऱ्याची बरणी कधी पुरती कोरडी होतच नाही.

दुसरं कारण वाढप्याचं शहाणपण. मांडवात रोज उठून कुणी उगाच पानांवर हात धरायला लागलं, तर वाढपी हातांकडे बघेनासा होतो. मेंदूही तेच करतो, सीबी-१ ची संख्या घटवतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. बाहेरच्या थरात सीबी-१ सुमारे २० टक्के कमी दिसले. म्हणून पूर्वीइतकी किक बसत नाही आणि मात्रा वाढत जाते. पण वाढपी आगंतुकाकडे दुर्लक्ष करू लागला की घरच्या माणसाचा हातही त्याला दिसत नाही. आनंदामाइडची खरी, गरजेची खूणही वाया जाते. याच लोकांना सुमारे चार आठवडे गांज्यापासून दूर ठेवून पुन्हा चित्रं घेतली, तेव्हा सीबी-१ बरेचसे पूर्ववत झालेले होते.

आणि स्मरणाचं काय? हार्वर्डशी संलग्न मॅकलीन रुग्णालयात हॅरिसन पोप यांनी २००१ साली एक नेटका प्रयोग छापला. आयुष्यात किमान ५,००० वेळा ओढलेली, अजूनही रोज ओढणारी माणसं घेतली. ५,००० म्हणजे रोज एक धरली तर जवळपास चौदा वर्षं. त्यांना २८ दिवस गांजा बंद, आणि खरंच बंद आहे की नाही ते लघवी तपासून पाहायचं. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी शब्द लक्षात ठेवण्याची परीक्षा. सातव्या दिवसापर्यंत ही मंडळी इतरांच्या मागेच होती. अठ्ठाविसाव्या दिवशी फरक जवळपास उरला नव्हता.

हा प्रयोग मला आवडतो, कारण ‘मेंदू गेलाच’ म्हणणारे आणि ‘काही होत नाही’ म्हणणारे, दोघांनाही तो अडचणीत आणतो.

५. पंधरा शब्द

शब्दांची परीक्षा म्हणजे नक्की काय, ते स्वतःवरच करून बघा. खालचे शब्द कुणाकडून तरी सेकंदाला एक या गतीने वाचून घ्या आणि मग आठवतील ते म्हणून दाखवा.

उंबरा, पोपट, चाक, लिंबू, पाटी, नदी, टोपी, घंटा, मीठ, शिडी, आजोबा, ढोल, सुई, पाऊस, कुलूप.

पहिल्या फेरीत सहा-सात आले तरी वाईट वाटून घेऊ नका. खऱ्या परीक्षेत ही यादी पाच वेळा वाचतात, मग मध्ये दुसरी यादी घुसडतात, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी विचारतात की पहिल्या यादीतले किती आठवतात? तो शेवटचा आकडा दिवाणजीच्या कामाचा खरा हिशेब.

अमेरिकेत १९८५-८६ साली चार शहरांतली १८ ते ३० वयाची ५,११५ माणसं हृदयविकाराच्या अभ्यासासाठी निवडली गेली. दर काही वर्षांनी त्यांना इतर सवयींबरोबर गांज्याबद्दलही विचारत राहिले. पंचवीस वर्षांनी त्यातल्या ३,३८५ जणांनी अशी पंधरा शब्दांची परीक्षा दिली. संशोधकांनी ‘गांजा-वर्ष’ असं माप वापरलं. ३६५ दिवस ओढलं की एक गांजा-वर्ष. म्हणजे आठवड्यातून एकदाच ओढणाऱ्याला एक वर्ष भरायला सात वर्षं लागतात, रोज ओढणारा ते बारा महिन्यांत भरतो. २०१६ मध्ये निकाल आला. दर पाच गांजा-वर्षांमागे सरासरी अर्धा शब्द कमी. म्हणजे असे दोघे घेतले तर त्यातल्या एकाला एक शब्द कमी आठवतो. विचारांचा वेग किंवा गुंतागुंतीचे निर्णय यांत, बाकीचे घटक वजा केल्यावर, असा स्पष्ट फरक उरला नाही. फटका बसला तो नेमका शब्दांच्या आठवणीला.

अर्धा शब्द! सभेत हे सांगितलं की मागच्या बाकांवर हशा पिकतो. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. पण सरासरी ही अशी वस्तू आहे की तिच्यात महिन्यातून एकदा ओढणाराही मिसळलेला असतो. कोस्टारिकात सत्तरच्या दशकात मजूरवर्गातल्या गांजा ओढणाऱ्यांचा अभ्यास झाला होता, तेव्हा विशेष काही सापडलं नाही. पुढे त्याच लोकांना पुन्हा गाठलं, तोवर वयस्कर गटाची सरासरी ३४ वर्षं ओढण्यात गेली होती. १९९६ साली छापलेल्या त्या निष्कर्षात शब्दांची यादी आठवण्यात आणि लक्ष दोन ठिकाणी विभागण्यात ते मागे पडलेले दिसले. त्याच देशातले तरुण गांजावाले मात्र मागे नव्हते. आपल्याकडे चंडीगढच्या पीजीआयमध्ये डॉ. एन. एन. विग आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात वर्षानुवर्षं भांग पिणारे आणि चरस ओढणारे लोक तपासले. तिथेही प्रतिसाद मंदावल्याचं आणि एकाग्रता कमी झाल्याचं दिसलं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, विसरणं खरं आहे. बहुतेकांत ते बेताचं असतं, आणि बराच भाग ताज्या नशेच्या सावलीचा असतो.

६. ‘कारण’ नावाचा रकाना

दुसरा प्रश्न अवघड. विसरतो तो गांज्यामुळेच कशावरून?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. लहानपणी त्यांचा बुद्ध्यांक मोजलेला होता, म्हणजे कुणीही गांज्याला शिवण्यापूर्वीचा. मग ३८ व्या वर्षी पुन्हा मोजला. अनेक वर्षं गांज्याच्या पूर्ण आहारी राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सुमारे ६ गुणांनी घसरला होता. त्यातही ज्यांची सुरुवात कोवळ्या वयात झाली त्यांचा सुमारे ८ गुणांनी. शंभरावर असलेला माणूस ब्याण्णवावर. २०१२ साली ही बातमी जगभर गाजली. ज्या गटावर ती उभी होती त्यात जेमतेम ३८ माणसं होती, हे मात्र बातमीत आलं नाही.

काही महिन्यांतच नॉर्वेचे अर्थतज्ज्ञ ओले रोगेबर्ग यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की गरीब घरातली मुलं शाळा लवकर सोडतात, आणि डोक्याला चालना देणारं काम त्यांना मिळत नाही; त्यांचा बुद्ध्यांक तसाही घसरू शकतो. तीच मुलं गांज्याकडे जास्त वळत असतील, तर घसरण गांज्याच्या नावावर का मांडता?

हा वाद नवा नाही, आणि त्याची सगळ्यात रंगतदार फेरी आपल्या देशात झाली आहे. गांज्याने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरली आहेत, अशी ओरड लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेली, म्हणून १८९३ साली सरकारने आयोग नेमला. त्याने मुंबई इलाख्यासह देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. इस्पितळांच्या नोंदी बघितल्या तर खरंच शेकड्यांनी माणसं ‘गांज्यामुळे वेडी’. आयोगाने मग विचारलं, हे ठरवतं कोण? उत्तर विलक्षण निघालं. वेडसर माणूस पोलिसांना रस्त्यावर सापडायचा. त्याच्यासोबत एक छापील कागद भरून पाठवावा लागे, आणि त्यात ‘कारण’ असा रकाना होता. कारण कुणालाच ठाऊक नसे. रकाना मोकळा सोडावा तर वरून विचारणा येणार. मग शिपाई चौकशी करी, हा गांजा ओढायचा का हो? कुणीतरी म्हणे, ओढत असेल. झालं, रकाना भरला. इस्पितळातला डॉक्टर तोच शब्द आपल्या वहीत उतरवून घेई, आणि वर्षअखेरीला त्याची आकडेवारी बने.

आयोगाने १८९२ साली भरती झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी गांज्याच्या नावावर टाकलेली २२२ प्रकरणं एकेक करून उकरली. ९८ उरली. म्हणजे सात टक्क्यांच्या थोडं वर. बेताने घेणाऱ्याच्या मनाला अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो, असा आयोगाचा निष्कर्ष. शुद्ध पुराव्याच्या दृष्टीने तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. सरकारला गांज्यावरचा कर हवा होता हे खरं. पण रकान्याची ती उलटतपासणी कराच्या लोभाने झालेली वाटत नाही.

आजचा संशोधक रकाना भरायच्या आधी काय करतो? तो जुळी भावंडं शोधतो. घर एक, आईबाप तेच, शाळा तीच. एक ओढतो, दुसरा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अशा दोन पाहण्यांचा, मिळून ३,०६६ मुलांचा, निकाल आला. ओढणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह आणि सामान्यज्ञान घसरलेलं होतं, पण न ओढणाऱ्या जुळ्याचंही तितकंच! मग दोष गांज्याचा की घराचा? दुसऱ्या बाजूने पाहायचं तर ही मुलं विशीच्या आतबाहेरची होती. ड्युनेडिनची माणसं वीस-वीस वर्षं रोज ओढणारी. २०२२ मध्ये ड्युनेडिनकरांचे ४५ व्या वर्षीचे आकडे आले. दीर्घकाळ ओढणाऱ्यांची घसरण साडेपाच गुणांची होती आणि तंबाखू, दारू, लहानपणची गरिबी हे सगळं हिशेबात धरूनही ती पुसली गेली नाही.

माझं मत विचाराल तर असं. कॉलेजात वर्ष-दोन वर्षं अधूनमधून ओढणाऱ्याचा बुद्ध्यांक गांज्याने घसरतो, हे सिद्ध झालेलं नाही, आणि तसं छातीठोक सांगणारी पोस्टर्स मुलांचा आपल्यावरचा विश्वास घालवतात. पण चाळिशीपर्यंत रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत ‘कारण’ रकान्यात गांजा लिहायला माझा हात कचरणार नाही. एकटा गांजा नव्हे, पण गांजाही. आपल्याकडे सिगारेटमधली तंबाखू काढून तिच्यात गांजा मिसळून भरतात, तेव्हा तंबाखूचा हिस्साही त्यातच येतो.

७. खरड छाटणी

वय इतकं महत्त्वाचं का, हे नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराला चटकन कळेल. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी. घड दिसतात गोडी छाटणीनंतर, पण ते ठरलेले असतात खरड छाटणीनंतरच्या काड्यांतच. एप्रिल-मेमध्ये काही चुकलं तर तेव्हा बाग हिरवीगारच दिसते. चूक कळते ती हिवाळ्यात, वेलीवर घड मोजताना.

मेंदूचीही अशी छाटणी असते. लहानपणी पेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्यांतल्या वापरात नसलेल्या खुडल्या जातात, उरलेल्या पक्क्या होतात, आणि कपाळामागच्या भागात, जिथे बेत आखणं आणि मोह आवरणं चालतं, हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालू राहतं. कुठली जोडणी राहणार हे पेशींच्या आपसातल्या देवाणघेवाणीवर ठरतं, आणि त्या देवाणघेवाणीत पानावरच्या त्या हाताचाही वाटा आहे. छाटणी चालू असताना रोज आगंतुकाने मध्ये हात घालायचा, याची धास्ती संशोधकांना वाटते ती यासाठी. ड्युनेडिनमध्ये मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांत ती आठ गुणांची घसरण दिसली नाही. कोवळ्या वयात सुरू करून अट्टल झालेल्यांची मात्र सोडल्यावरही पूर्ण भरून आली नाही.

८. पहिला आठवडा

उरला तिसरा प्रश्न. सोडलं तर?

रोजच्या सवयीनंतर सोडल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच चिडचिड सुरू होते, जेवण जात नाही, झोप लागत नाही. पहिला आठवडा सगळ्यात कठीण, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. आणि स्वप्नं पडायला लागतात, रंगीत, लांबलचक, कधी दचकवणारी. गांज्याने स्वप्नांची झोप दबलेली असते, ती उसळी मारून वर येते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस घाबरतो, ‘सोडल्यामुळे डोकं बिघडलं’ समजतो आणि पुन्हा ओढतो.

नेमक्या याच वाईट आठवड्यात दिवाणजी कामावर येऊ लागतो. बोस्टनमध्ये १६ ते २५ वयाच्या, आठवड्याला किमान एकदा ओढणाऱ्या ८८ जणांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये छापला गेला. त्यातल्या ६२ जणांना महिनाभर बंद करायला लावलं, बाकीच्यांना चालू ठेवू दिलं. बंद करणाऱ्यांची नवे शब्द शिकण्याची क्षमता सुधारली, आणि ती सुधारणा मुख्यतः पहिल्याच आठवड्यात दिसली. लक्ष एकाग्र करण्यात मात्र महिन्याभरात विशेष फरक पडला नाही. म्हणजे एका आठवड्यात शब्द परतू लागतात, चार आठवड्यांत सीबी-१ बरेचसे परत, बाकीचं वयावर आणि वर्षांवर. तीन वर्षं रोज ओढणाऱ्या विशीतल्या मुलाबद्दल मी आशावादी आहे. चौदाव्या वर्षापासून ओढत असेल तर जरा कमी.

ड्युनेडिनमधली एक गोष्ट सांगायची राहिली. तिथल्या संशोधकांनी प्रत्येकाच्या जवळच्या माणसांना, मित्रांना, नातेवाइकांना पत्रं पाठवून विचारलं होतं, याच्या रोजच्या वागण्यात काही जाणवतं का? दीर्घकाळ ओढणाऱ्यांच्या बाबतीत त्यांनी लिहिलं की लक्ष लागत नाही, विसरतो. ज्याची नोंदवहीच कोरी राहते त्याला वहीत काय नाही ते कसं कळणार? ते घरच्यांना कळतं, जोडीदाराला कळतं.

हिरव्या शाईची चिठ्ठी आली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ‘रूममेट’ कसला, हा स्वतःबद्दलच विचारतोय. अशा प्रश्नांत ‘माझा एक मित्र’ बहुधा आरशातला असतो. आता तसं वाटत नाही. विसरायला अर्धा तास लागतो, हे ज्याने मोजलंय तो शेजारच्या खाटेवरचाच असणार.